टंग ट्विस्टर पाठ होते, उच्चार मात्र जागचा हलत नाही : कारणे आणि उपाय

रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात इंग्रजी बोलायला शिकणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. एक म्हणजे जहाजावर नोकरीला जाण्याची तयारी करणारी मुले, आणि दुसरी म्हणजे घरगुती निवास किंवा खाणावळ चालवताना परप्रांतीय आणि परदेशी पर्यटकांशी बोलावे लागणारी मंडळी. या दोघांनाही कोणी ना कोणी टंग ट्विस्टर, म्हणजे बोबडी वळवणारी वाक्ये, रोज मोठ्याने म्हणण्याचा सल्ला दिलेला असतो, आणि दोघांकडूनही पुढे एकच तक्रार ऐकू येते : ‘शी सेल्स सीशेल्स’ एका दमात म्हणता येते, ‘पीटर पायपर’ झोपेतही येईल, पण प्रत्यक्ष बोलताना ‘वेस्ट’ असा शब्द आला की समोरचा पुन्हा विचारतोच. सराव सोडला की उच्चार जसा होता तसा, आणि सराव चालू ठेवला तरीही तसाच. ही तक्रार इतक्यांदा येते की तिचे कारण शिकणाऱ्याच्या आळसात शोधण्यापेक्षा साधन वापरण्याच्या पद्धतीत शोधणे अधिक योग्य ठरेल.

‘काळे राळे, गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले’ हे म्हणताना अडखळणाऱ्या मुलाला र आणि ळ येत नाहीत, असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. दोन्ही ध्वनी त्याला उत्तम येतात; ते जवळजवळ आणि वेगाने आल्यामुळे जीभ गोंधळते, एवढेच. इंग्रजी टंग ट्विस्टरही ज्यांना ते ध्वनी जन्मापासून येतात अशांसाठीच रचलेले आहेत. भाषेच्या प्रयोगशाळांत तर अशी वाक्ये मुद्दाम चुका घडवून आणण्यासाठी वापरली जातात. 2013 साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी ‘पॅड किड पोअर्ड कर्ड पुल्ड कॉड’ ही एकत्रित अर्थ नसलेली शब्दांची ओळ लोकांना भराभर म्हणायला लावली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचीही जीभ वळेना. अशा वाक्यांनी असलेल्या ध्वनीची परीक्षा होते, नसलेला ध्वनी मात्र त्यांतून निर्माण होत नाही. जो ध्वनी तोंडात नाही त्याच्या जागी जवळचा मराठी ध्वनी घालून वाक्य हजार वेळा म्हटले, तर तो मराठी ध्वनीच अधिक पक्का होतो.

म्हणून निवारणाची पहिली पायरी वाक्य निवडणे ही नसून आपला नेमका दोष शोधणे ही आहे. त्यासाठी ज्या शब्दांत एकाच ध्वनीचा फरक आहे अशा जोड्या घ्याव्यात. इंग्रजी व्ही अक्षराने सुरू होणारा गंजीफ्रॉकचा ‘वेस्ट’ आणि डबल्यूने सुरू होणारा पश्चिमेचा ‘वेस्ट’ ही एक जोडी झाली. पशुवैद्याचा ‘वेट’ आणि ओल्याचा ‘वेट’, द्राक्षवेलीचा ‘वाइन’ आणि पेयाचा ‘वाइन’ या आणखी दोन. हे शब्द रोमन लिपीत चिठ्ठ्यांवर लिहावेत, उलटसुलट क्रमाने वाचावेत आणि चिठ्ठ्या न पाहणाऱ्या दुसऱ्या माणसाला आपण कोणता शब्द म्हटला ते लिहायला सांगावे. असा माणूस जवळ नसेल तर फोनवरील बोलून लिहिण्याची सोय इंग्रजीवर ठेवून एकेक सुटा शब्द बोलावा. पूर्ण वाक्य मात्र बोलू नये, कारण फोन मागच्यापुढच्या शब्दांवरून अंदाज बांधतो आणि आपली चूक आपल्या नकळत दुरुस्त करून टाकतो. अनेकांना ‘फोनला कळते, मग माणसाला का कळत नाही’ हा प्रश्न यामुळेच पडतो.

व्ही आणि डबल्यू : सर्वांत जुना गोंधळ

किनारपट्टीवरील बहुतेक शिकणाऱ्यांच्या बाबतीत या चाचणीतून पहिला दोष व्ही–डबल्यूचाच निघतो. मराठी व उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाच्या जवळ येतात पण त्यावर टेकून घर्षण करत नाहीत, आणि ओठांचा गोल चंबूही होत नाही. इंग्रजीतल्या व्हीला दातांचा ओठाला स्पर्श आणि सलग गुंजन लागते, तर डबल्यूला दातांचा काहीही संबंध नसून ओठ गोल करावे लागतात. आपला व या दोहोंच्या मधोमध बसतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला कधी हा तर कधी तो वाटतो. मुद्दा शुद्धाशुद्धतेचा नाही. मराठीत हे दोन ध्वनी वेगळे ठेवण्याची गरजच नसल्यामुळे तोंडाला ती सवय नाही.

या गोंधळात आपल्या लेखनाने आणखी भर घातली आहे. मराठीत व्हॅन, व्हिसा, व्हिडिओ असे लिहिताना आपण व्हीसाठी ‘व्ह’ वापरतो, आणि व्हाइट, व्हॉट्सॲप, व्हिस्की लिहिताना डबल्यू-एचसाठीही तोच ‘व्ह’ वापरतो. आज इंग्लंड-अमेरिकेतील बहुसंख्य लोकांच्या तोंडी या दुसऱ्या गटातील शब्दांचा आरंभ साध्या डबल्यूसारखाच होतो. म्हणजे कागदावर एकसारखी दिसणारी ‘व्हॅन’ आणि ‘व्हाइट’ तोंडात दोन टोकांना असायला हवीत. शिवाय ‘जिव्हा’ किंवा ‘व्हावे’ म्हणताना जो हकाराचा श्वास येतो तो इंग्रजी व्हीत मुळीच नसतो. टंग ट्विस्टर देवनागरीत उतरवून घेऊन पाठ करणाऱ्यांची प्रगती खुंटते ती इथे. ज्याला खरोखर उच्चार बदलायचा आहे त्याने वही रोमन लिपीतच ठेवावी, आणि या लेखातील वाक्येही तशीच उतरवून घ्यावीत. वाटल्यास व्हीखाली एक रेघ आणि डबल्यूखाली गोल अशी खूण करावी, म्हणजे वाचताना ओठांना काय करायचे ते डोळ्यांना आधी कळेल.

ध्वनी बसवण्याची रीत सोपी आहे. ‘सेफ’, ‘ऑफ’ या शब्दांतला शेवटचा ध्वनी आज बहुतेकांच्या तोंडी दात ओठाला लावूनच येतो. तोच ध्वनी लांबवावा, आणि दात न हलवता त्यात आवाज भरावा. ओठाला गुदगुल्या झाल्यासारखे वाटले की तो व्ही समजावा. डबल्यूसाठी ‘ऊ’ म्हणून त्याच गोल ओठांनी पुढच्या स्वरावर घसरावे : ऊ-ऑटर, ऊ-इंडो, ऊ-एस्ट. आरशात पाहिले तर पहिल्यात दात दिसतात, दुसऱ्यात दिसता कामा नयेत. ‘पैकी’ किंवा ‘चा’ या अर्थाचा दोन अक्षरी इंग्रजी शब्द आपण ‘ऑफ’ असा वाचतो, पण त्याच्या शेवटी एफ लिहिला असला तरी ध्वनी व्हीचा आहे. बोलताना वारंवार येणारा हा शब्द सुधारला तर व्हीचा सराव आपोआप वाढतो.

किनारपट्टीवरच्या काही बोलींत घरी वीसला ‘ईस’, विचारला ‘इचार’ आणि वेळेला ‘येळ’ म्हणतात. अशा घरातून आलेल्यांना ‘विंटर’, ‘विल’, ‘वीक’ या शब्दांतला डबल्यू गळण्याचा धोका असतो, म्हणून त्यांनी स्वरांच्या क्रमात इ आणि ए शेवटी घ्यावेत. आधी ‘वॉटर’, ‘वॉच’ पक्के झाले की मग ‘विंड’ आणि ‘विंच’कडे यावे. याच निमित्ताने सांगायला हवे की अलिबाग-उरणकडच्या आगरी-कोळी बोलीत ळचा ल आणि णचा न होतो म्हणून त्या मुलांना ‘तुमचे उच्चारच अशुद्ध’ असे ऐकवले जाते, ते इंग्रजीच्या संदर्भात तरी अगदीच निराधार आहे. इंग्रजीत ळ आणि ण हे वेगळे ध्वनीच नाहीत.

हे सगळे झाल्यावर टंग ट्विस्टरची पाळी येते. आरंभी फक्त डबल्यूचे शब्द, नंतर फक्त व्हीचे आणि मग मिश्रण, असा क्रम ठेवावा. मिश्रणासाठी सर्वांत लहान आणि सर्वांत कठीण सराव जहाजावर जाणाऱ्यांच्या हाताशीच आहे : रेडिओवर अक्षरे सांगताना व्हीसाठी ‘व्हिक्टर’ आणि डबल्यूसाठी ‘व्हिस्की’ म्हणतात. ‘व्हिस्की, व्हिक्टर, व्हिस्की, व्हिक्टर’ असे दात आणि ओठ आळीपाळीने बदलत सावकाश म्हणावे. ते जमले की ‘वॉच द व्हेसल्स विंच व्हॉल्व्ह’ आणि ‘व्हेरी वाइड वेव्ज वॉश द वेस्टर्न व्हिलेज’ ही दोन वाक्ये घ्यावीत. दुसऱ्या वाक्यातील लाटांच्या शब्दात आरंभी डबल्यू आणि मध्ये व्ही असे दोन्ही असल्यामुळे तो एकच शब्द आरशासमोर वेगळा घोटावा.

‘झू’ येते पण ‘झिप’ का येत नाही

झेड या ध्वनीबाबत मराठी माणूस हिंदी भाषकापेक्षा थोडा नशीबवान आहे. ‘जाळे’, ‘बाजार’, ‘मजा’ या शब्दांतला दंत्य ज झेडच्या बराच जवळचा आहे. अडचण अशी की मराठीत हा ज इ-ई आणि य यांच्या शेजारी टिकत नाही, तालव्य होतो. ‘माझा’ म्हणताना जीभ दातांजवळ असते आणि ‘माझी’ म्हणताना ती टाळूकडे सरकते, हे प्रत्येकाने आत्ताच म्हणून पाहावे. हीच घसरण ‘झिप’, ‘झीरो’, ‘बिझी’, ‘इझी’ या शब्दांत होते. रेडिओवर अंक सांगणाऱ्याला ‘झीरो’ टाळता येत नाही, त्यामुळे हा दोष क्षुल्लक मानू नये. ‘मजा’तला ज लांबवून, जीभ तिथेच धरून त्यापुढे ई लावावी. याच्या सरावासाठी ‘फझी वझी वॉज अ बेअर, फझी वझी हॅड नो हेअर’ हे बालगीत अगदी योग्य आहे, कारण त्यात झेडनंतर लगेच ई येते. नाव अस्वलाचे असले तरी व्यायाम जणू मराठी जिभेसाठीच योजलेला आहे, आणि वर डबल्यूचीही उजळणी होते.

समुद्राकाठी राहणाऱ्यांचे आवडते ‘शी सेल्स सीशेल्स बाय द सीशोर’ मात्र बहुतेकांच्या दृष्टीने वेळेचा अपव्यय आहे. स आणि श हे दोन्ही ध्वनी मराठीत स्वतंत्र आहेत आणि ते वेगळे उच्चारण्याची आपल्याला सवय आहे; मग जे येते त्याचाच सराव करून समाधान मानण्यात काय हशील? याला एक अपवाद आहे. मराठीत मासाचे ‘माशाला’, घसाचे ‘घशात’, रस्साचे ‘रश्शात’ होते, आणि काही जणांच्या तोंडी हीच सवय पुढे जाऊन सिनेमाचा ‘शिनेमा’ होतो. ज्यांच्या ‘सीट’, ‘सी’, ‘सिक्स’ या शब्दांत श डोकावतो त्यांनी हे वाक्य जरूर घ्यावे, पण तेही ‘सी-शी, सी-शी’ एवढ्या तुकड्यापासून.

पीटर पायपर कशासाठी आहे

हे वाक्य 1813 साली लंडनमध्ये छापल्या गेलेल्या एका पुस्तकात आले, आणि त्या पुस्तकात वर्णमालेतील अक्षरांनुसार अशीच वाक्ये होती. म्हणजे उच्चारासाठी टंग ट्विस्टर वापरण्याची रीत दोनशे वर्षांहून जुनी आहे. मराठी शिकणारे हे वाक्य सहज म्हणून टाकतात, कारण प आपल्याला येतोच. पण इंग्रजीत शब्दाच्या जोर पडणाऱ्या तुकड्याच्या आरंभी पी, टी आणि के यांच्यामागून श्वासाचा एक छोटा स्फोट येतो, जो मराठी प, ट, क यांत नसतो. तो नसला की इंग्रजी कानाला ‘पिन’चा ‘बिन’ झाल्यासारखा वाटू शकतो. तोंडासमोर कागदाची अरुंद पट्टी धरून ‘पीटर’ म्हणावे. पट्टी हलली पाहिजे. पीच्या जागी सरळ फ म्हणण्याचा मोह होतो, पण आजच्या बहुतेकांच्या फमध्ये ओठ मिटत नाहीत, त्यामुळे ‘पीटर’चा ‘फीटर’ होऊन बसतो. दोन्ही ओठ घट्ट मिटून, मग फुंकर सोडून म्हणायचे आहे. केसाठी ‘खाली’तला ख थोडा सौम्य करून वापरला तरी चालतो. टीसाठी जिभेचे टोक मागे न वळवता ‘न’ म्हणताना जिथे टेकते तिथेच, वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर टेकवावे.

या वाक्याचा दुसरा उपयोग कोणी फारसा सांगत नाही, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे. मराठीत प्रत्येक अक्षराला जवळपास सारखे वजन मिळते, इंग्रजीत मिळत नाही. ‘पीटर पायपर पिक्ट अ पेक अव् पिकल्ड पेपर्स’ या ओळीत पी, पाय, पिक्ट, पेक, पिक, पेप या सहा ठिकाणी ठोका पडतो आणि उरलेले सगळे त्यांच्यामध्ये दाटीवाटीने, जवळजवळ गिळल्यासारखे येते. फुंकरही या सहा ठिकाणीच जोरात हवी. ‘पायपर’ आणि ‘पेपर’ यांतला दुसरा पी दुबळा असतो. टेबलावर हाताने सहा ठोके देत ओळ म्हटली, तर स्फोट आणि लय दोन्ही एकदम बसतात. उलट प्रत्येक पीवर सारखाच जोर देऊन म्हटली, तर ती पाठ होऊनही ऐकायला मराठीच राहते.

टीएचची चिंता किती करावी

शिकवण्या घेणारे बरेच जण ‘थर्टी-थ्री थीव्ह्ज’ अशी वाक्ये सर्वांत आधी देतात आणि जीभ दातांबाहेर काढायला लावतात. मला हा क्रम उलटा वाटतो. मराठी भाषकाने थ आणि द वापरून म्हटलेले ‘थँक यू’ किंवा ‘दिस’ जगात जवळपास कुठेही समजते. 2000 साली ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना एकमेकांशी बोलताना कोणते ध्वनी खरोखर आवश्यक असतात याचा विचार मांडला, तेव्हा त्यांनी टीएचचे दोन्ही ध्वनी आवश्यक गटातून वगळले, आणि पी-टी-के यांच्या मागचा श्वास, स्वरांची लांबी व वाक्यातील मुख्य जोर यांना मात्र त्यात ठेवले. समुद्रावर तर नियमच वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 साली स्वीकारलेल्या प्रमाणित सागरी संभाषणवाक्यांत अंकांचे उच्चार ठरवून दिलेले आहेत. त्यांत तीनला ‘ट्री’, पाचला ‘फाइफ’, नऊला ‘नायनर’ आणि हजारला ‘टाउझंड’ म्हणायचे असते. जो मुलगा घासूनपुसून ‘थ्री’ शिकला त्याला जहाजावर गेल्यावर रेडिओपुरते ते सोडून द्यावे लागते.

वेग आणि वापर

ध्वनी बरोबर, वाक्यही बरोबर निवडलेले, तरी सुधारणा दिसत नसेल तर बहुधा वेग आडवा येतो. एका श्वासात किती वेळा म्हटले याची चढाओढ मुलांना आवडते, पण वेग वाढला की जीभ नवा, कच्चा ध्वनी टाकून जुन्या मराठी ध्वनीकडे परतते, आणि म्हणणाऱ्याला ते कळतही नाही. म्हणून रोज एकदा फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. ज्या वेगात एकही ध्वनी घसरत नाही तो आजचा वेग. मग तो वेग ‘हळू वाचन’ म्हणून हसण्यासारखा का असेना. अडखळल्यावर पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करू नये, कारण त्यामुळे वाक्याचा आरंभ उत्तम होतो आणि शेवट कायम कच्चा राहतो. अडलेल्या शब्दाच्या आधीचा एक शब्द घेऊन तेवढाच सांधा घोटावा. दिवसातून थोडा वेळ दोनतीनदा सराव केलेला बरा. एकाच बैठकीत लांबवला की ओठ थकतात, आणि थकलेले ओठ गोल होत नाहीत.

वाक्य येते, पण संभाषणात ध्वनी टिकत नाही, ही शेवटची आणि सर्वांत चिवट अवस्था. टंग ट्विस्टरमध्ये सगळे लक्ष उच्चारावर असते. पाहुणा समोर उभा राहून खोलीचे भाडे विचारतो तेव्हा लक्ष अर्थावर जाते. या दोहोंच्या मध्ये पूल म्हणून आपल्याच कामाची वाक्ये हवीत. खाणावळवाल्यांना रोज म्हणावे लागणारे ‘वी हॅव व्हेज अँड नॉन-व्हेज थाळी’ हे वाक्य पाहावे : एक डबल्यू, पाठोपाठ तीन व्ही. ‘द व्ह्यू फ्रॉम द विंडो’, ‘हॉट वॉटर इज अव्हेलेबल’, ‘विल यू व्हिजिट द व्हिलेज’ ही वाक्येही टंग ट्विस्टरइतकीच कठीण आहेत आणि दिवसातून अनेकदा कामी येतात. जहाजावर जाणाऱ्यांनी वॉच, व्हेसल, विंच, व्हॉल्व्ह, विंड, वेव्ह हे शब्द घेऊन अशीच वाक्ये करावीत, आणि ती एकदा शांत खोलीत व एकदा पंख्याच्या किंवा इंजिनाच्या आवाजात म्हणावीत, कारण गोंगाटात माणूस आवाज चढवतो आणि आवाज चढला की ओठांकडे दुर्लक्ष होते.

ज्यांना बोलताना मुळातच अडखळण्याचा किंवा तोतरेपणाचा त्रास आहे त्यांनी हा वेगाचा सराव स्वतःच्या मनाने करू नये. वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवून मगच ठरवावे. बाकीच्यांनी ज्या चिठ्ठ्यांनी सुरुवात केली त्याच चिठ्ठ्या काही आठवड्यांनी नव्या ऐकणाऱ्यासमोर, शक्यतो फोनवरून, पुन्हा वाचाव्यात, कारण रोज ऐकणाऱ्या घरच्या माणसाचा कान आपल्या उच्चाराला सरावलेला असतो. नव्या ऐकणाऱ्याने सगळे शब्द बरोबर लिहिले तर त्या ध्वनीचे टंग ट्विस्टर थांबवून फक्त कामाची वाक्ये चालू ठेवावीत आणि नवी वाक्ये पुढच्या जोडीसाठी निवडावीत. चुकले तर वाक्य न बदलता आरशापाशी परत जावे.